घंटी वाजली डोहापाशी

मित्रांनो, मी आकडेमोडीचे एक जुने यंत्र आहे. मला वीज लागत नाही. उजव्या अंगाला एक दांडा आहे; तो पुढे फिरवला की बेरीज होते, मागे फिरवला की वजाबाकी. आकडे कशाचे आहेत, हे मात्र मला कुणी सांगितले तरच कळते.

१९६४ च्या हिवाळ्यात सरलाबाई मला पेटीत घालून शहादा तालुक्यातल्या एका गावी घेऊन आल्या. त्या सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासत. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. गावच्या नाल्यातल्या डोहात मासे पोट वर करून तरंगले होते. डोहाकाठी भिला आणि त्याची बायको कालीबाई मासेमारी करून राहत. विषारी रानफळे कुटून पाण्यात टाकली की मासे मरतात, हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून गावाने भिलावरच बोट ठेवले. त्याचे जाळे चावडीत अडकवले. सोमवारी पंच बसणार होते आणि त्याची झोपडी उठवणार होते.

सरलाबाईंना नाल्याच्या वरच्या अंगाच्या खांडसरीचा, म्हणजे छोट्या साखर कारखान्याचा, संशय होता. साखर करताना उरलेले मळीचे पाणी तिथून नाल्यात सुटे. पोलीस पाटील धुडकूअण्णांना ते पटेना.

"खांडसरी तीन मैल वर शे, बाई," ते म्हणाले. "तठे मासा जित्ता शेतस. आठे पानी साफ दिसस, तरी मरनात. हाई कसं?"

सरलाबाईंनाही ते कोडेच होते. केळीच्या वाळक्या पानाचे तुकडे सोडून त्यांनी नाल्याचा वेग मोजला, आणि मला शाळेतल्या टेबलावर मांडले. मळी कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू हळूहळू खातात. वाहते पाणी तो हवेतून थोडा थोडा परत घेते. खांडसरीपासून निघालेल्या पाण्यात दर अर्ध्या तासाला किती प्राणवायू उरेल, ते आम्ही ओळीओळीने काढू लागलो. आज असा कागदावरचा नाला संगणक क्षणात मांडतो. तेव्हा दांडा फिरवून फिरवून बाईंचे मनगट सुजले.

सहा, पाच, साडेतीन, दोन. मग माझ्या आत घंटी वाजली आणि आकड्यांच्या डावीकडच्या सगळ्या खिडक्यांत नऊच नऊ उभे राहिले.

बाईंना वाटले, मी अडकले. त्यांनी तेल घातले आणि पुन्हा पहिल्यापासून केले. पुन्हा घंटी, पुन्हा नऊ. तिसऱ्यांदाही तेच. मी फार गोंधळले. इतकी वर्षे न चुकता मोजले, आणि एका माणसाचे घर टिकायचे की नाही, हे ठरताना मीच बिघडले का?

बाईंनी सगळ्या ओळी पुन्हा वरून खाली वाचल्या. आहे त्याहून जास्त वजा केले की मी नऊ दाखवते, हे त्यांना आठवले. म्हणजे पाण्यात होता त्याहून जास्त प्राणवायू जंतूंनी मागितला होता. त्यांनी नकाशावर त्या ओळीची जागा शोधली. बोट डोहावर थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुडकूअण्णांनाच बाटल्या भरायला लावल्या. औषध घातल्यावर प्राणवायू असला तर तपकिरी गाळ बसतो, नसला तर पांढरा. खांडसरीजवळची बाटली तपकिरी झाली. डोहाची पांढरीच राहिली.

अण्णांनी दोन्ही बाटल्या पुन्हा पुन्हा उन्हात धरून पाहिल्या. मग चावडीतले जाळे काढून त्यांनी स्वतः भिलाच्या हातात दिले. पंच बसलेच नाहीत. खांडसरीच्या मालकाने मळीसाठी खड्डे खणले.

निघताना भिलाने विचारले, "बाई, मासा कवय येतीन?"

सरलाबाईंचा हात माझ्या दांड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी खरे तेच सांगितले, की मासे कधी येतील ते त्यांना ठाऊक नाही.

मित्रांनो, आता मी एका कपाटात आहे. मासे परतले का, मला कुणी सांगितले नाही. तुमच्या नाल्यात कधी मासे मेलेले दिसले, तर काठावर राहणाऱ्याचे नाव घेण्याआधी काठाकाठाने वर चालत जा. तीन मैल काही फार नसतात.