नुसतं दुखणं

जळका वास आला तेव्हा तिला वाटलं, शर्टाची कॉलर गेली. तिनं इस्त्री झटकन उचलली. कॉलर पांढरीशुभ्र होती. पलीकडच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालणारी बाई मात्र हातातली चादर तशीच टाकून उठली.

"अगं, हात. हात बघ तुझा."

कडेला उभी करून ठेवलेल्या दुसऱ्या गरम इस्त्रीला तिचा उजवा दंड आतल्या बाजूनं टेकला होता. तळहाताएवढी कातडी सुटून आली होती. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

दहा महिन्यांपूर्वी उजवा स्तन काढला तेव्हापासून तो दंड बधिर होता. तेवढंच असतं तर तिनं चालवून घेतलं असतं. पण काखेपासून टाक्यांपर्यंतच्या पट्ट्यात साधं कापड घासलं तरी आग व्हायची. मधूनच अशी कळ जायची की हातातलं काम गळून पडावं. आणि जे अंग उरलंच नव्हतं तिथे खाज सुटायची. खाजवायला जावं तर बोटांना नुसत्या बरगड्या लागायच्या. डॉक्टर म्हणाले होते, शस्त्रक्रियेत नसा दुखावतात, कुणाला महिने लागतात, कुणाला वर्षं. गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी झापड यायची, आणि झापडलेल्या माणसाच्या हातात इस्त्री कोण देणार? घरी तिनं सांगून टाकलं होतं, मी ठणठणीत आहे. सगळ्यांनी एवढं केलं, आता रडगाणं कुणाला ऐकवायचं.

लाँड्रीच्या मालकिणीनं तिला घरी पाठवलं. घरी धाकटी जाऊ एकटीच होती.

तिला बघून थोरली दारातच थबकली. पाच आठवड्यांपूर्वी धाकटीलाही गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि धाकटी नाही म्हणाली ती नाहीच. रागावून झालं, हातापाया पडून झालं. कालच दिरानं जिन्यात थोरलीला गाठलं होतं.

"वहिनी, तुम्ही समजवा. सांगा तिला, काही त्रास होत नाही. तुमचं ऐकेल ती."

"सांगते," ती म्हणाली होती.

धाकटीनं तिला खुर्चीत बसवलं, दंडावर पाणी ओतलं, मलम लावलं. पट्टीचं टोक हातात धरून ती थांबली.

"इतकं भाजलं आणि तुम्हाला कळलं नाही?"

"कामाच्या नादात."

"इस्त्री कपड्यांना करतात, ताई, बोलण्याला नाही. खरं सांगा."

दिराला कबूल केलेलं वाक्य थोरलीच्या ओठांवर आलंही. तेवढ्यात काखेत कळ उठली. तिनं टेबलाची कड धरली आणि ती ओसरेपर्यंत डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा खोटं बोलायचं त्राण तिच्यात राहिलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, आग, कळा, खाज, काही वगळलं नाही. बोलताना तिला कळत होतं, हिचा उरलासुरला धीर आपण आपल्या हातानं घालवतोय.

"रोज?" धाकटीनं विचारलं.

"रोज."

"म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून रडता?"

थोरलीनं चमकून वर पाहिलं. आवाज बाहेर जात असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मला वाटलं, तुमचा कॅन्सर परत आलाय," धाकटी म्हणाली. "सगळे माझ्यापासून लपवताय. एवढं कापूनही परत येणार असेल तर मी कशाला जाऊ?"

"कोण म्हणालं परत आलाय?"

"कोणी काही म्हणालंच नाही ना."



"गेल्याच महिन्यात तपासलं," थोरली म्हणाली. "कुठं काही नाही. हे नुसतं दुखणं आहे."

"नुसतं दुखणं," धाकटी स्वतःशीच म्हणाली. तिनं पट्टी सावकाश गुंडाळली, गाठ मारली, उरलेलं टोक आत खोचलं. मग खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि स्वतःच्या सदऱ्याची बटणं काढली. थोरलीचा डावा हात उचलून तिनं आपल्या छातीवर ठेवला.

"बघा."

पाच आठवड्यांपूर्वी हीच गाठ थोरलीनं चाचपून पाहिली होती. तेव्हा ती शोधावी लागली होती. आता हात ठेवताच लागली.

"वाढलीय?"

थोरलीनं हात काढून घेतला नाही.

"हो."

धाकटीनं मान हलवली. ती बटणं लावू लागली, पण वरचं बटण काही केल्या काजात जाईना. थोरली उठली आणि एका हातानं, वेळ लागला तरी, तिनं ते लावलं.

"चल," ती म्हणाली. "दवाखाना अजून उघडा असेल."