तळाला गेलेलं अंडं

केशोरीच्या रामलालचं अंगण माणसांनी भरलं होतं. त्याच्या मुलीचा, डिंपलचा, ताप दहा दिवस उतरत नव्हता. गावातल्याच एका बाईने करणी केली, असं ईश्वरदास महाराजांनी सांगितलं होतं. ती कोण, हे अंडं ठरवणार होतं.

पाण्याच्या दोन मडक्यांत सर्वांसमोर मापून सारखंच मीठ घातलं. एक मडकं ओट्यावर, दुसरं महाराजांच्या धुनीच्या निखाऱ्यांवर.

"निर्मल का अंडा तैरेगा," महाराज म्हणाले, "पाप का डूबेगा." अवघड काही बोलायचं असलं की ते हिंदीत शिरत.

संशय घेतलेल्या सात बायकांनी एकेक अंडं सोडायचं होतं. सहा जणींची अंडी ओट्यावरच्या मडक्यात तरंगली. सातवी सुखवंता, विधवा, घरात एकटी. तिला त्यांनी धुनीजवळ बोलावलं. तिचं अंडं थेट तळाला गेलं.

कोणीतरी फाटकाला कडी घातली.

"कबूल कर," रामलाल म्हणाला. "नाही तं इथून जाऊ देत नाही."

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. लबाडी मिठातच असणार, असं वाटून मी दोन्ही मडक्यांतलं पाणी चाखलं. खारटपणा सारखाच होता. धुनीवरचं पाणी गरम होतं, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

"बाई, तुमी कायले मधात पडून राहिल्या?" मागून आवाज आला. आता ते फाटक मलाही बंद होतं.

सुखवंता माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, पोचट दाणे वर यावे म्हणून धानाचं बियाणं मी दरसाल मिठाच्या पाण्यात टाकतो. ते पाणी थंड रायते. हे गरम हाय. अंडं सोडताना बोटं पोळले माहे."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी रामलालच्या बायकोला, रुख्मिणीला, घमेल्यात विहिरीचं थंड पाणी आणायला सांगितलं. त्यात धुनीवरचं मडकं अंड्यासकट ठेवायचं होतं.

"मडकं धुनीवरून हललं तर पोरगी जाईल," महाराज म्हणाले.

रुख्मिणीचे हात थांबले. मग तिने पदराने मडकं धरलं आणि पाण्यात ठेवलं.

आम्ही वाट पाहत राहिलो. सुखवंता माझा दंड सोडत नव्हती. बऱ्याच वेळाने अंडं हललं, उभं राहिलं आणि सावकाश वर आलं.

मी म्हणाले, "पाणी तापलं की फुगतं, हलकं होतं. मग त्याला अंडं पेलवत नाही. मीठ जास्त असतं तर गरम पाण्यातही तरंगलं असतं. म्हणून यांनी थंड पाण्यात जेमतेम तरंगेल एवढंच मीठ घातलं. कोणाचं बुडवायचं, ते आधीच ठरलं होतं. उद्या तुमच्यापैकी कोणालाही धुनीजवळ बोलावतील. माणसाला दोषी धरण्याआधी निदान मडक्याला हात लावून पाहा. आणि तापाला डॉक्टर लागतो."

फाटकाकडे कोणी गेलं नाही. शेवटी रुख्मिणीनेच डिंपलला खांद्यावर घेतलं, कडी काढली आणि सुखवंताला म्हणाली, "चाल माह्यासंगं दवाखान्यात."