दोन खोल्यांची एकच किटली

मी एक जुनी पितळी किटली आहे, मित्रांनो. लांब चोचीची, जरा पोचे आलेली. दोह्याजवळच्या मुऐदरला सालेमसाहेबांच्या घरी मी कितीतरी पाहुण्यांना वेलदोड्याची कॉफी पाजली. मग थर्मास आले आणि माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली. फार वाईट वाटलं हो!

पुढे सरकारने साहेबांवर अवघड काम सोपवलं. पॅलेस्टिनी आणि इस्रायली, दोघांना दोह्यात बोलावून समेट घडवायचा. पाहुणे सरकारी अतिथिगृहाच्या दोन वेगळ्या खोल्यांत, एकमेकांचं तोंडही बघायचं नाही. साहेब मधल्या बोळातून निरोपांची ने-आण करत. दोन दगडांवर पाय ठेवता म्हणून लोक नावं ठेवायचे. ते म्हणत, दोघांशी बोलणारं कुणीतरी हवंच ना? दोन्हीकडे कॉफी एकाच किटलीतून जावी, म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं.

कॉफी द्यायला अतिथिगृहाची व्यवस्थापक, नाशिकची विभावरी असे. इथे कपात घोटभरच ओततात. काठोकाठ भरला, तर ‘प्या आणि निघा’ असा अर्थ. तिला ते ठाऊक होतं. पण त्या दिवशी बोलणी तुटायला आली होती, पॅलेस्टिनींच्या वतीने बोलणाऱ्या म्हातारबाबांचा चेहरा पार उतरला होता, आणि घरच्या सवयीने तिने कप काठोकाठ भरला. बाबा ताडकन उठले.

“आमच्याकडे अर्धा कप देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान,” विभावरी म्हणाली. “भरलेला म्हणजे, अजून थांबा.” साहेबांनी ते अरबीत सांगितलं.

बाबा बसले, पण कप न पिताच खाली ठेवला. वाळवंटातली जुनी रीत आहे: असा ठेवलेला कप म्हणजे पाहुण्याचं मागणं, ते यजमानाने पुरं करायचं.

“माझी नात नूरी गाझाच्या इस्पितळात आहे,” ते म्हणाले. “तिथे बॉम्ब नकोत.”

साहेब मला घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि मागणं सांगितलं. तिथले प्रमुख मूळचे बगदादच्या ज्यू घरातले. रीत त्यांनाही ठाऊक होती. त्यांनीही भरला कप खाली ठेवला.

“माझा पुतण्या त्यांच्या कैदेत आहे. तो जिवंत परत हवा.”

बोळात साहेब क्षणभर भिंतीला टेकले. मग ते मागणं घेऊन बाबांच्या खोलीत गेले.

त्या दिवशी इस्पितळ वाचलं. पण ते रोजच वाचवावं लागतं, आणि पुतण्या अजून आलेला नाही. विभावरी मला लख्ख घासते, पण ते दोन कप ती कुणाला धुऊ देत नाही. कॉफी कधीच सुकून गेली. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी कप न पिता ठेवला, तर तो मोरीत ओतू नका. आधी जवळ बसा आणि विचारा, काय हवंय.