अठरा जणांचा स्वयंपाक

सिग्वार्ट हॉवलँडने तीस वर्षं गाईंच्या धारा काढल्या आणि गेली सहा वर्षं तो राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला, विधानसभेत बसत होता. दोन्ही कामांना सारखीच चिकाटी लागते, असं तो सांगे. गाईंचं त्यावर काहीच म्हणणं नसे.

त्या हिवाळ्यात मात्र विधानसभेत दिलेलं त्याचं एक मत अख्ख्या खोऱ्याला झोंबलं. एकशिक्षकी शाळा बंद करून मुलांना बसने मोठ्या शाळेत न्यायच्या कायद्याच्या बाजूने ते मत होतं. त्यात त्याची स्वतःची शाळाही गेली. तिथे एकाच बाकावर त्याच्या शेजारी बसून शिकलेला ओस्मुंड ब्रेक्के चर्चच्या दारातच म्हणाला होता, "खुर्ची मिळाली की माणूस बाक विसरतो." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

ऑगस्ट आला, ओटची मळणी सुरू झाली. खोऱ्यात मळणीची इर्जिक असे. यंत्र एकेका शेतावर फिरे आणि त्याच्या मागोमाग सगळे शेजारी. सिग्वार्टने आठ शेतांवर पेंढ्या उचलल्या, आठही ठिकाणी मुकाट्याने. आज त्याची पाळी होती. यंत्र कालच अंगणात येऊन उभं होतं, पण माणसं येतील का? निवडणूक हरला असता तरी त्याला चाललं असतं. पण इर्जिकीतून नाव गेलं, तर त्या खोऱ्यात राहायचं कुठल्या तोंडाने?

"चौघांपुरतंच कर," तो बायकोला म्हणाला.

गुनहिल्ड पहाटेपासून बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, लाटत होती. "विधानसभा तुमची, चूल माझी," ती म्हणाली. "अठरा जणांचा स्वयंपाक आहे, आणि अठराच जेवतील."

आठला दव ओसरलं, मळणी सुरू करायची वेळ झाली. नऊ वाजले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सिग्वार्टने यंत्राचे तेच तेच पट्टे तिसऱ्यांदा तपासले.

साडेनऊला टेकडीमागून घोडागाड्या दिसल्या, एकामागून एक, आणि त्याला हसावं की रडावं कळेना. पुढच्या गाडीत ओस्मुंड होता. मागे माणसांपेक्षा लाकूडच जास्त दिसत होतं. बंद शाळेचे सगळे बाक त्यांनी उचलून आणले होते, म्हणून तर उशीर झाला.

"तू शाळा बंद केलीस," ओस्मुंड म्हणाला. "आता बाकांची सोय तूच कर. आज जेवण यांच्यावर बसूनच."

दुपारपर्यंत यंत्र धडधडत राहिलं, ओटची रास वाढत गेली, आणि सहा महिने गिळलेले टोमणे एकदाचे बाहेर पडले. सिग्वार्टला एकेक टोमणा लेफ्सेवरच्या लोण्यासारखा गोड लागला.

जेवणाला त्याला मुद्दाम सगळ्यात छोट्या बाकावर बसवलं. त्यावर चाकूने दोन नावं कोरलेली होती, सिग्वार्ट आणि ओस्मुंड. तो कसाबसा आत शिरला आणि कायद्याबद्दल सांगायला तोंड उघडलं.

"आधी हात वर कर," ओस्मुंड म्हणाला.

सिग्वार्टने हात वर केला. अंगण हसून लोटपोट झालं.

"माझी नात त्या बससाठी मैलभर चालते," हसू ओसरल्यावर ओस्मुंड म्हणाला. "बस आमच्या फाटकापर्यंत आण. मत तरीही देणार नाही."

"आणतो," सिग्वार्ट म्हणाला. "मत नको. पुढच्या वर्षी मळणीला ये."

"ते काय विचारायचं असतं?" ओस्मुंड म्हणाला आणि ताट घेऊन त्याच्या शेजारी, त्याच बाकावर, अंग चोरून बसला.

गुनहिल्डने पानं मोजली. बरोबर अठरा होती.