ओटोमारचं पडणं

मासे धरायला तळ्याचं पाणी सोडून दिलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळाचा वास लिबुशेच्या घशात जाऊन बसला होता. सिनेमाच्या कपड्यांचं काम तिच्याकडे. नायकाचा तपकिरी सूट दर खेपेला गाळात लडबडायचा, ती तो टबात पिळून काढायची आणि ओलाच परत ओटोमारच्या अंगावर चढवायची. एकदा खिशातून मेलेला मासा निघाला, तेव्हा तिला उमासाच आला.

गोष्ट एका करंट्या पोस्टमनची. लग्न ठरलं की नवरी पळते, आणि नाताळच्या जेवणासाठी कार्प मासा आणायला जावं तर स्वतःच तळ्यात पडतो. ओटोमार साठीला टेकलेला नट. ब्रनो शहराच्या रंगभूमीवर राजे रंगवून झालेला, आता कुणी विचारेनासा झालेला.

"तुम्ही सांभाळून पडताय, ओटोमार," दिग्दर्शक क्रिश्टोफ म्हणाला. "त्या बिचाऱ्या पोस्टमनला आपण पडणार हे ठाऊक असतं का?"

"बरोबर आहे तुमचं," ओटोमार म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते.

"आधी त्यांना गरम काहीतरी प्यायला द्या," लिबुशे म्हणाली.

"देऊ की. एवढं झालं की सगळेच पिऊ."

मग क्रिश्टोफने खूण केली आणि एका माणसाने गाळावर टाकलेल्या फळीला माशांची बुळबुळ फासली. लिबुशेने पाहिलं, पण ती काही बोलायच्या आत ओटोमार फळीवर चढला होता. पाय सटकला, हात अंगाखाली आला आणि तो तोंडावर गाळात आपटला. उठला नाही. एक कार्प त्याच्या मानेवर तडफडत होता. काठावरचे लोक पोट धरून हसत होते. क्रिश्टोफने ओठांवर बोट ठेवलं होतं; कॅमेरा चालूच होता.

लिबुशे तशीच गाळात उतरली. एक बूट रुतून बसला. तोंडाला येतील त्या शिव्या घालत तिने त्याचं डोकं वर काढलं आणि बोटं घालून तोंडातला चिखल उपसला. त्याचं मनगट मोडलं होतं.

वसंतात सिनेमा लागला. ओटोमारने आग्रह केला म्हणून ती गेली. पडद्यावर तो पडला, आणि पाठोपाठ एका बुटावर फेंगडत, ढुंगण वर करून गाळ तुडवणारी जाडी बाई आली. तिच्या शिव्यांच्या जागी बदकांचं क्वॅक क्वॅक घातलं होतं. अख्खं थिएटर खदखदून हसलं. शेजारची बाई तर डोळे पुसत होती. लिबुशेच्या घशात पुन्हा त्या गाळाचा वास आला. ती उठून बाहेर पडली.

मागोमाग ओटोमार आला. मनगट अजून नीट वळत नव्हतं, पण चेहरा फुलला होता.

"ऐकलंस ना? छप्पर उडालं नुसतं."

"त्याने मुद्दाम फळीला बुळबुळ फासली होती."

"माहीत आहे गं. पाय ठेवायच्या आधीच वास आला होता मला."

"आणि तरी पाय ठेवलात?"

"नसता ठेवला तर मला पुन्हा कोण विचारणार होतं? दुसरा भाग काढताहेत. क्रिश्टोफ म्हणतो, पोस्टमनची बायको म्हणून तूच हवीस."

त्याच्या हातात पाव होता, वर अंडं आणि खारवलेला मासा. अर्धा मोडून त्याने तिच्यापुढे धरला. त्याच्या बोटांना लागलेलं अंडं, आशेने चमकणारे डोळे, सगळ्याचीच तिला किळस आली. थिएटरातून हसण्याचा आणखी एक लोट आला, तशी त्याने चटकन मान वळवून कान दिला.

"मनगट दाखवून घ्या कुणाला तरी," ती म्हणाली आणि बसची वाट न बघता चालू लागली.