बाहेरची कडी

दुकानात शिरल्या शिरल्या आईने चपला काढून कडेला जोडीने ठेवल्या, कुणाच्या घरी आल्यासारख्या. तळपायांना अजून पट्ट्या होत्या. मागच्या आठवड्यात ती पहाटे अनवाणी निघाली आणि भरधाव ट्रक जातात त्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडली. काखेत नवऱ्याची हत्यारांची पिशवी. "ते कामावर थांबलेत, पटाशी घरीच राहिली त्यांची," असं तिने ट्रकवाल्याला सांगितलं होतं. सुतार नवरा जाऊन इतका काळ लोटला होता की पिशवीतली पटाशी गंजाने लाल झाली होती.

आईला लेकीशिवाय कुणी नव्हतं, लेकीला आईशिवाय. लेक इस्पितळाच्या धोबीखान्यात पाळीवर जायची. शेजारणीने काही दिवस लक्ष ठेवलं, मग हात जोडले. तेव्हा लेकीने बॅटरीवर चालणारी छोटी ड्रिल मशीन आणली, आपल्या मनगटाला झेपेल अशी. घरी खोकं उघडलं तर आत नुसती मशीन, बॅटरी न् चार्जर. भोक पाडायला एक बिट म्हणून नाही. चोच नसलेल्या पाखरासारखी ती हातात बसली होती.

म्हणून हे दुकान. आणि आईला एकटं सोडता येत नाही म्हणून आईही.

"काय बसवायचंय, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"एक कडी." लेकीने ती आधीच निवडून काउंटरवर ठेवली होती.

दुकानदाराने भलीमोठी पेटी पुढे सरकवली. "मग हीच न्या. लाकूड, लोखंड, भिंत, सगळ्याची बिटं आली. जन्माची ददात मिटली."

आई पुढे झाली. सकाळपासून ती लेकीला वहिनी म्हणत होती. पण पेटीतल्या त्या पोलादी रांगेकडे तिने पाहिलं आणि तिची मान सरळ झाली.

"एवढं लटांबर कशाला?" ती म्हणाली. "निम्मी बिटं डबीतच म्हातारी होतील. कडी दाराला का भिंतीला?"

"दाराला."

"मग भिंतीची बिटं यांच्याकडेच राहू देत. मधोमध टोक असलेलं दाखवा हो. बिनटोकाचं लाकडावरून घसरतं, दाढी केलेल्या गालावरून माशी घसरावी तसं."

दुकानदार हसला. "आजी, तुम्हीच बसा गल्ल्यावर."

"बसले असते. पण ह्यांचा डबा कोण नेणार?"

तिने बिटं एकेक करून अंगठ्याच्या नखावर टेकवली आणि स्क्रूच्या अंगापेक्षा जरा बारीक असलेलं बाजूला काढलं. स्क्रूचं डोकं लाकडात बुडावं म्हणून भोकाचं तोंड रुंद करणारं एक घेतलं. चुंबकाचा होल्डर पाहून ती खूश झाली. "हा घेच. आम्ही स्क्रू तोंडात धरायचो. आता दात कुठायत?" भोकाची खोली ठरवायची रिंग मात्र तिने परत सारली. "बिटाला चिकटपट्टी गुंडाळायची. पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं."

"जादा बॅटरी देऊ?"

"एका दाराला कितीसा जीव लागतो?" आई म्हणाली.

आई कितीतरी महिन्यांनी अशी आपल्या जागेवर उभी होती, आणि तिला तिथून हलवायचा धीर लेकीला होत नव्हता.

"स्क्रू आखूडच द्या," लेक दुकानदाराला म्हणाली. हे तिने घरूनच ठरवलं होतं. उद्या आग लागली, काही झालं, तर म्हातारीने जोर लावला की कडी निघून यावी.

आईने वळून पाहिलं. "कडी आतून का बाहेरून?"

"बाहेरून."

"म्हणजे आत कुणी असणार?"

लेकीने मान खाली घातली. दुकानदार पेटी बंद करायला लागला.

"मग लांब स्क्रू घे," आई समजावणीच्या सुरात म्हणाली. "आतून ढकलत राहिलं की आखूड उपटून येतात. परत कोण बसवत बसणार? आणि तोवर आतलं माणूस लांब गेलेलं असतं."

मोठा रस्ता लेकीच्या डोळ्यांसमोरून गेला. तिने लांब स्क्रू घेतले.

घरी आईने पदर खोचला आणि दाराशी उजव्या हाताला उभी राहिली, जिथे ती नवऱ्याच्या कामात उभी राहायची. न मागता ती हातात देत गेली. पेन्सिल. चिकटपट्टी लावलेलं बिट. मग ती गुणगुणायला लागली. ही त्या दोघांची रीत होती. बाबा हाताने गिरमिट फिरवायचे आणि आई ओळ म्हणायची. ओळ संपली की गिरमिट बाहेर काढून भुसा झटकायचा, नाहीतर लाकूड तापतं.

*नवं नवं दार, त्याला चौकट सागाची,*
*आत माझी माया, बाहेर वाट जगाची.*

मशीनने ओळ अर्धी व्हायच्या आत भोक पाडलं. आई मधेच थांबली आणि जरा खट्टू झाली. "फार घाई हिला," ती म्हणाली.

स्क्रू बसले. कडी कोयंड्यात सरकली, तेल न लावताही.

"मी आत जाते," आई म्हणाली. हीसुद्धा रीतच. दार बसवलं की आई आत, बाबा बाहेर. ती ढकलून बघायची आणि पक्कं म्हणाली की ते कडी काढायचे. ते हसत हसत उशीर करायचे, ती आतून शिव्या घालायची, आणि लहानपणी लेक त्या दोघांमधल्या दाराला कान लावून बसायची.

लेकीने बाटलीत पाणी भरलं. आईच्या हातात दिली.

"हे कशाला?"

"आत ठेव. तहान लागते."

"कुणाला?"

"आत असेल तिला."

"ते बरं केलंस," आई म्हणाली. "आठवणीने केलंस." ती बाटली घेऊन आत गेली. लेकीने दार ओढलं, कडी सरकवली.

आतून एक धक्का आला. मग खांद्याचा, चांगला जोरकस. दार हललं नाही.

"पक्की बसली," आईचा आवाज आला, कामावर खूश असलेला. "काढ आता."

लेकीच्या खांद्याला पिशवी होती. कामाची पाळी सुरू व्हायला आली होती. तिने कडीवर बोट ठेवलं. लोखंड अजून स्क्रूंच्या जवळ कोमट होतं.

"काढ की. थट्टा पुरे आता."

लेकीने बोट उचललं. भिंतीला हात लावत ती जिन्याकडे निघाली. तिच्या मागे आईने ओळ धरली, सावकाश, ओळ संपेपर्यंत बाबा कडी काढतीलच अशा भरवशाने. ओळ संपली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

लेक खालच्या पायरीवर थांबली. वरून धक्के येत होते आणि ती स्क्रूंचा आवाज ऐकत होती. ते करकरले नाहीत. आईने अगदी नेमके निवडले होते.