मचाणावरचा होकार

भास्कररावांना कुणी "साखर किती?" विचारलं, तरी ते म्हणत, "तशी एक चमचा चालेल, पण…" आणि त्या 'पण'पाशी चहा गार होई. पुण्याच्या छापखान्यात त्यांनी जन्मभर मुद्रितं तपासली होती. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह काढायचं. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. अशा माणसावर सातासमुद्रापार स्प्रिंगफील्ड लेक्सला, लेकीच्या घरी, एकदम न्यायाधीश व्हायची पाळी आली.

त्याचं असं झालं, की जावयाला, अनिशला, हरणांच्या शिकारीचा नाद लागला. लायसन्स झालं, रायफल झाली. ऑफिसातल्या ग्रॅहमच्या शेतावर हरणांनी उच्छाद मांडला होता, त्याने कधीही ये म्हणून सांगून ठेवलं होतं. राहिलं होतं ते झाडावर बसायचं मचाण. पण देवयानीने अट घातली, "बाबा ज्या मचाणाला हो म्हणेल, त्यावरच चढायचं. नाहीतर नाही."

"बाबा आणि हो?" अनिश हसत सुटला. "सरळ जाऊ नको म्हण ना!"

भास्करराव दुसऱ्या दिवसापासून मचाणांवरची पुस्तकं वाचायला बसले. आपला होकार चुकला तर जावई झाडाखाली आणि लेक दवाखान्यात, या विचाराने ते जेवतानाही पानं उलटत राहिले.

अनिशला खोडाला कवटाळत वर सरकणारं मचाण हवं होतं. हलकं, पाठीवर मारलं की निघालं.

"तसं छान आहे," भास्करराव म्हणाले, "पण इथल्या निलगिरीची, म्हणजे गमट्रीची, साल सोलून निघते. निसटलं तर?"

"बरं, मग हे पट्ट्याने टांगायचं?"

"ते मजबूत आहे, पण शिडीवरून फळीवर पाय टाकतानाच माणसं पडतात म्हणे."

"बाबा, मग जमिनीवरच बसू का? हरणाला म्हणतो, जरा वर बघ, मी तिथे आहे असं समज."

शेवटी शिडी जोडलेलं, दोघांना पुरेल असं, पुढे कठडा आणि जाळीची रुंद बैठक असलेलं मचाण ठरलं.

"अहो, हे मचाण की मंगल कार्यालयातला सोफा?" अनिशने कपाळावर हात मारला.

"अवघडलेला माणूस चुळबुळ करतो," भास्करराव चाचरत म्हणाले, "आणि चुळबुळ करणारा पडतो. शिवाय छाती-मांड्यांचे पट्टे जमिनीवरच बांधायचे. दोर वरपासून खालपर्यंत हवा."

"म्हणजे हो ना?" देवयानीने विचारलं.

"तसं हो… पण…"

मचाण गॅरेजमध्ये येऊन पडलं. दसऱ्याला घरात हत्यारांची पूजा झाली. लॅपटॉपला, गाडीला झेंडू वाहिला. मग भास्करराव हळूच गॅरेजमध्ये गेले. पुस्तकांचा शब्द होता, स्वतःचा अर्धामुर्धा होता. तिसरा देवाचा असलेला बरा. त्यांनी शिडीला कुंकू लावलं, पट्ट्यांवरून, दोरावरून, बैठकीच्या जाळीवरून चंदनाची उदबत्ती पुन्हा पुन्हा ओवाळली. समाधान होईना, म्हणून धूपही घातला.

शनिवारी दुपारी, इथल्या भाषेत आर्वोला, तिघं शेतावर पोचले. ग्रॅहमने दाखवलेलं झाड पाहून भास्करराव थबकले. वर एक वाळकी फांदी लोंबत होती. "हे नको," ते म्हणाले, आणि आपणच बोललो का म्हणून दचकले. ग्रॅहमने मान वर केली, शीळ घातली आणि मुकाट्याने दुसरं झाड दाखवलं. सरळ, जिवंत, दणकट.

मचाण उभं राहिलं, पट्टे आवळले गेले. अनिश डोळे मिचकावत म्हणाला, "बाबा, प्रमाणपत्र देणाऱ्याने आधी बसून दाखवायचं."

"अरे, त्यांना कशाला?" देवयानी म्हणाली.

पण भास्कररावांना ते पटलंच. जिथे आपण बसणार नाही, तिथे जावयाला कसं बसवायचं? त्यांनी पट्टे बांधले, दोराला कडी अडकवली आणि रामरक्षा म्हणत एकेक पायरी चढून गेले. मागून अनिश आला, मग रिकामी रायफल त्याने दोरीने वर ओढून घेतली. ग्रॅहम आणि देवयानी लांब, घराच्या ओसरीवर जाऊन बसले.

अंधारून येईपर्यंत हरणाचं पिल्लूसुद्धा फिरकलं नाही. दोघं खाली उतरले तेव्हा ग्रॅहम जवळ येऊन हवा हुंगू लागला. "मेट, झाडावर देऊळ बांधलंय का? हा वास पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला असेल."

भास्करराव कानापर्यंत लाल झाले. "दसऱ्याला जरा… उदबत्ती…"

"वासाचं राहू दे," अनिश म्हणाला. "देवू, बाबा वर चक्क घोरत होते! हरणं वासाने पळाली की घोरण्याने, देव जाणे."

"बाबा? वर झोपला होतास?" देवयानी बघतच राहिली. विमानात सीटचे दोन्ही हात घट्ट धरून बसणारा हा माणूस. "मग काय म्हणतोस? सुरक्षित आहे?"

"हो," भास्करराव म्हणाले. "आहे."

देवयानी थांबली. अनिशही थांबला.

"आणि पण?" शेवटी त्यानेच विचारलं.

भास्कररावांनी छातीचा पट्टा सोडवला, नीट घडी घातली. "वर राहिलं वाटतं," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी गेलास की घेऊन ये."

"पुढच्या शनिवारी खुशाल जा," देवयानी म्हणाली. "बाबा, शुक्रवारी तेवढी उदबत्ती ओवाळून ठेव. हरणांचाही कुणीतरी विचार करायला हवा."